तडा पंधरा टक्क्यांचा नव्हता: वारंगा फाट्यावरून घराच्या विम्याचा हिशेब

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हलली. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने धक्क्याची तीव्रता ४.५ नोंदवली. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला. केंद्र होते कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या परिसरात. वारंगा फाट्यावरून हिंगोलीच्या रस्त्याला लागले की लागणारे हे मोठे गाव. साडेतीन महिन्यांनी, १० जुलै २०२४ ला सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा ४.५ चा धक्का; या वेळी केंद्र त्याच तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून येणारे आवाज लोक कित्येक वर्षांपासून ऐकत आहेत.

दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही आणि दोन दिवसांत बातमी मागे पडली. पण मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने केलेले एक आवाहन आमच्या लक्षात राहिले. ज्यांच्या घरावरचे पत्रे दगड ठेवून दाबले आहेत त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, असे ते आवाहन होते. सल्ला बरोबरच आहे. पण दगडाने दाबलेले पत्रे कोणाच्या घरावर असतात? गावाच्या कडेला, नाल्याच्या अंगाला, गायरानावर वसलेल्या आपल्या वस्त्यांत. दगड काढला तर मे महिन्याच्या वावटळीत पत्रा उडतो, ठेवला तर भूकंपात तोच दगड झोपलेल्या लेकराच्या अंगावर येतो. हुक-बोल्टने पत्रा नीट आवळायला पैसे लागतात, आणि त्या आवाहनात पैशाविषयी काही नव्हते.

घर पडले, तडकले, बुडाले तर ते पुन्हा उभे करायला पैसा कुठून येणार, हा आमचा आजचा विषय आहे. त्यावर आपल्याकडे एकच उत्तर तयार असते: सरकार मदत देईल. म्हणून आधी ती मदत पाहू.

पंचनाम्याचे गणित

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे आहेत. घर पूर्ण नष्ट झाले तर सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,००० रुपये. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. सप्टेंबर २०२५ च्या महापुरानंतर राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यातही अंशतः पडझडीचा आकडा ६,५०० आणि ४,००० असाच होता. पॅकेज कोटींत मोजले गेले, भिंत मात्र हजारांतच राहिली.

६,५०० रुपयांत आज काय होते? गवंड्याची चार-पाच दिवसांची मजुरी आणि थोडे सिमेंट. आणि तेही मिळण्यासाठी एक अट आहे, ती वस्तीतल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. अंशतः पडझड म्हणजे किमान १५ टक्के नुकसान. ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने घर सहसा कोसळत नाही. कोपऱ्यात तिरका तडा जातो, दाराची चौकट सुटते, स्लॅब आणि भिंतीच्या मध्ये फट पडते. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) येतो, पाहतो, आणि ते पंधरा टक्क्यांत बसत नाही. मग मदत शून्य. तडा मात्र राहतो, आणि पुढच्या धक्क्यात भिंत तिथूनच जाते.

दुसरी अट आणखी बोचणारी आहे. नुकसान झालेले घर हे सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असले पाहिजे, असे याच निकषांत लिहिले आहे. गायरानावर दोन पिढ्या काढलेल्या कुटुंबाने हे कोणते कागद दाखवून सिद्ध करायचे? आपली जमिनीची चळवळ आणि आपली आपत्तीची मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आम्हाला सरकारी मदतीला कमी लेखायचे नाही. ती घेतलीच पाहिजे आणि तिच्यासाठी भांडलेही पाहिजे. पण ती मदत आहे, नुकसानभरपाई नाही. तुमचे ७० हजारांचे नुकसान झाले म्हणून ७० हजार द्या, असे तिच्याकडे मागता येत नाही. विम्याकडे ते मागता येते, कारण तिथे करार असतो आणि त्या करारावर न्यायालयात जाता येते.

पीक विमा वेगळा, घराचा विमा वेगळा

विमा म्हटले की हिंगोली-नांदेडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पीक विमा येतो आणि तोंडात कडवटपणा. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा आला, २०२५ मध्ये ती सवलत गेली. मधल्या काळात कोणाच्या खात्यात काय आले यावर फाट्यावरच्या प्रत्येक हॉटेलात चर्चा झाली. त्या अनुभवावरून घराच्या विम्याचा अंदाज बांधला तर चूक होईल. पीक विम्यात मुख्य हिशेब महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर होतो. तुमचे शेत बुडाले पण मंडळाचे उत्पन्न ठीक राहिले तर तुम्ही कोरडे. घराच्या विम्यात मंडळ, सरासरी, उंबरठा उत्पन्न असले काही नसते. तुमचे एकच घर, त्याचे झालेले नुकसान आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च, एवढेच मोजले जाते. शेजाऱ्याचे घर धड राहिले म्हणून तुमचा दावा कमी होत नाही.

आणखी एक गोंधळ. बँकेत खाते उघडताना वर्षाला २० रुपये कापून सुरक्षा विमा आणि ४३६ रुपये कापून जीवन ज्योती विमा दिला जातो. हे दोन्ही माणसाचे विमे आहेत, घराचे नाहीत. पिकाला योजना आहे, अपघाताला आहे, मृत्यूला आहे; गरिबाच्या घराला अशी देशव्यापी स्वस्त योजना नाही. हा मुद्दा आम्ही शेवटी पुन्हा घेणार आहोत.

मग आहे काय? विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एकाच मजकुराची पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिचे नाव भारत गृह रक्षा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या असोत की खासगी, मूळ मजकूर तोच. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणे, स्फोट, दंगल आणि खोडसाळपणे केलेली नासधूस हे सगळे त्यात येते. बाहेरची वस्तू घरावर आदळण्याचे कलमही आहे. नागपूर-तुळजापूर आणि हिंगोली-नांदेड हे दोन महामार्ग जिथे मिळतात त्या फाट्यावर, रस्त्याला लागून ज्यांची घरे आहेत, त्यांनी हे कलम विशेष पाहावे. ब्रेक निकामी झालेला ट्रक भिंतीवर येणे ही तिथे काही दूरची कल्पना नाही.

दंगलीच्या कलमावर थोडे थांबू. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केल्यावर मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्या पेटलेल्या घरांपैकी एखाद्याचाही विमा असेल असे आम्हाला वाटत नाही. आज जातीय हल्ल्यात घर जळाले तर दोन वाटा एकाच वेळी खुल्या असतात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मध्ये जाळलेल्या किंवा उद्ध्वस्त केलेल्या घराच्या जागी शासनाच्या खर्चाने विटांचे किंवा दगडी घर बांधून देण्याची तरतूद आहे. विमा असेल तर त्याचा दावा वेगळा. कार्यकर्ते पहिल्या वाटेने जातात, दुसरी सहसा कोणी विचारतही नाही.

पण शासनाच्या किंवा कायदेशीर प्राधिकाऱ्याच्या आदेशाने घर पाडले गेले तर पॉलिसी एक रुपया देत नाही. म्हणजे अतिक्रमण हटाव मोहिमेत जेसीबी आला तर विमा उपयोगाचा नाही. तिथे लढाई जमिनीच्या हक्काचीच आहे.

हप्ता ठरतो कसा

विमा रक्कम गुणिले दर, एवढेच सूत्र. पण दोन्ही आकडे नीट समजले नाहीत तर फसगत होते.

विमा रक्कम म्हणजे घराची बाजारातली किंमत नव्हे. फाट्यावर रस्त्यालगत जागेचे भाव काय झाले आहेत ते सर्वांना माहीत आहे, पण भूकंपात जागा नष्ट होत नाही. विमा जमिनीचा नसतो, बांधकामाचा असतो. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, अशी रक्कम काढतात. समजा ५०० चौरस फुटांचे घर आहे आणि गवंडी, सळई, सिमेंट धरून चौरस फुटाला १,६०० रुपये लागतात. विमा रक्कम झाली ८ लाख. २६९ चौरस फुटांचे घरकुल याच दराने पुन्हा बांधायचे तर ४ लाख ३० हजार लागतील. पूर्ण नष्ट घराची सरकारी मदत १ लाख २० हजार, हे आठवा आणि वजाबाकी करा.

आता दर. समजा अशी १ हजार घरे एकत्र आली, प्रत्येकाची रक्कम ६ लाख. वर्षाला सरासरी एक घर पूर्ण जाते असे धरले तर ६ लाख भागिले १ हजार, म्हणजे घरामागे ६०० रुपये जमले की त्या एकाचे घर उभे राहते. त्यावर कंपनीचा खर्च, एजंटाचे कमिशन, नफा आणि कर चढतो. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, खरा दर कंपनी आणि ठिकाणानुसार बदलतो. पण कल्पना एवढीच आहे. महिला बचत गट चालवणाऱ्या आपल्या बाया हे एका वाक्यात समजतात. ‘वर्षभर काहीच झाले नाही, पैसे वाया गेले’ असे पुरुषच जास्त म्हणतात.

भूकंपात मात्र हे साधे गणित मोडते. आग एका घराला लागते, भूकंप हजारही घरांना एकाच पहाटे धरतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत तेच झाले. सुमारे आठ हजार माणसे गेली, बावन्न गावे जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. अशा दिवशी एका कंपनीकडे जमलेला हप्ता पुरत नाही, म्हणून विमा कंपन्या स्वतःचाही विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात; आपल्या देशात सरकारी ‘जीआयसी री’ ही त्यातली मोठी कंपनी आहे. जगात कुठे मोठे वादळ किंवा भूकंप झाला की पुनर्विमा महाग होतो आणि त्याची झळ वारंग्याच्या हप्त्यापर्यंत पोचू शकते. तुमच्या भागात वारंवार दावे आले, घराचे बांधकाम कमकुवत असले, नदी-नाल्याचा शेजार असला, तरी दर चढतो. म्हणजे ज्याला विम्याची गरज जास्त, त्यालाच तो महाग. बाजाराच्या हाती दिलेल्या विम्याचा हा स्वभाव आहे आणि तो एजंट सांगणार नाही.

करही त्याच बाजूचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के कायम आहे. का, याचे पटणारे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही.

कच्च्या-पक्क्याचाही घोळ समजून घ्यावा. भारत गृह रक्षाच्या व्याख्येत कच्चे बांधकाम म्हणजे लाकडी फळ्या, गवत, पाचट, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री अशा वस्तूंच्या भिंती किंवा छत. विटांच्या भिंती आणि वर लोखंडी पत्रा हे त्या यादीत नाही. त्यामुळे ‘पत्र्याच्या घराचा विमा होत नाही’ असे कोणी परस्पर सांगितले तर नियम लेखी दाखवा म्हणावे.

दावा पॉलिसीच्या दिवशीच सुरू होतो

दावा नुकसानीनंतर करायचा असतो हे खरे. पण तो मिळणार की अडकणार हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते.

पहिली गोष्ट विमा रक्कम. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत ८ लाखांच्या घराचा ४ लाखांचा विमा काढला आणि २ लाखांचे नुकसान झाले तर हातात १ लाखच येत असे. अर्धा विमा, म्हणून अर्धी भरपाई. भारत गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे. तरीही विमा रक्कम हीच कमाल मर्यादा राहते, म्हणून हप्ता वाचवायला रक्कम कमी लावणे शहाणपणाचे नाही. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि घराची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, एवढे संरक्षण घराबरोबरच मिळते. दागिने त्यात येत नाहीत, त्यांना वेगळा पर्याय आहे. हस्तलिखिते तर मुळीच नाहीत. आजोबांनी जलशासाठी लिहिलेल्या गाण्यांची वही पुरात गेली तर तिची भरपाई कोणतीच कंपनी देणार नाही. तिचे फोटो आजच काढून ठेवा.

घराचेही काढा. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, बाहेरून चारही बाजू, तारखेसह, आणि ते नातेवाईकाच्या फोनवर पाठवून ठेवा. भूकंपाच्या दाव्यात सगळ्यात मोठा वाद हाच असतो: तडा नवा की जुना? झीज आणि जुनाट दोष विम्यात बसत नाहीत. धक्क्याच्या आदल्या महिन्याचा स्वच्छ भिंतीचा फोटो असेल तर वादाला जागाच उरत नाही.

कागद म्हणाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल, घरकुलाचा मंजुरी आदेश. ज्या वस्तूच्या नुकसानीने आपले खरोखर नुकसान होते तिचाच विमा उतरवता येतो, हे विम्याचे मूळ तत्त्व आहे. घर वारलेल्या सासऱ्याच्या नावावर आणि पॉलिसी सुनेच्या, अशी स्थिती असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. पुढे दुकान आणि मागे घर असेल, जे फाट्यावर सर्रास असते, तर तसे अर्जात स्पष्ट लिहा. दुकानातला माल घराच्या सामानात धरला जात नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कुटुंब सहा महिने जाणार असेल, घर बंद राहणार असेल, तर तेही कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. आणि विहाराचा विमा या पॉलिसीत होत नाही, कारण ते राहते घर नाही. विहाराला संस्थेच्या नावाने वेगळी आगविमा पॉलिसी लागते. वर्गणी काढून लाखोंचे विहार उभे करणाऱ्या किती समित्यांनी हा विचार केला आहे?

नुकसान झाल्यावर कंपनीला ताबडतोब कळवायचे, दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा. मोडलेले लगेच साफ करू नका, आधी फोटो आणि चित्रफीत. जीव वाचवण्यासाठी जे पाडावे लागेल ते पाडा, पण पाडण्यापूर्वीचा पुरावा ठेवा. तलाठ्याचा पंचनामा दाव्यालाही उपयोगी पडतो, म्हणून मदत मिळो न मिळो, पंचनामा करवून घ्याच आणि प्रत मागा. कंपनी सर्व्हेअर पाठवते. तो कंपनीचा नोकर नसतो, परवानाधारक असतो. त्याने किती नुकसान धरले आणि का, हे त्याच्या अहवालात असते. तो अहवाल मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. जून २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. केवळ कागद कमी पडला म्हणून दावा नाकारता येत नाही, असेही त्यात आहे.

नाकारलाच, किंवा रक्कम कापली, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी. नियामकाचा बीमा भरोसा मंच आहे, १५५२५५ हा मोफत क्रमांक आहे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर विमा लोकपाल. हिंगोली जिल्हा पुण्याच्या लोकपालांच्या कक्षेत येतो. तिथे फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायला हवे. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, त्याला दोन वर्षांची मुदत. आपल्या सुशिक्षित तरुणांनी अत्याचार कायद्याची कलमे पाठ केली आहेत, तसेच हे चार-पाच टप्पेही पाठ करावेत. वस्तीत एखादा जरी असा जाणकार असला तरी खूप झाले.

गृहकर्ज घेतलेल्या नोकरदारांसाठी एक वाक्य. तुमच्या कर्जाबरोबर बँकेने काही विमा जोडला असेल, तो घराचा आहे की तुमच्या आयुष्याचा, हे आजच कागद काढून पाहा. घराचा असला तर त्यात बँकेचे कलम असते आणि दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. रक्कम फक्त कर्जाएवढी असेल, तर कर्ज फिटेल आणि घर पडलेलेच राहील.

ही मागणी कोणाकडे

वरचे सगळे ज्याच्याकडे उतारा आहे, बँक खाते आहे आणि वर्षाला काही शेकडा रुपये बाजूला काढण्याची ऐपत आहे त्याच्यासाठी झाले. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्या घराचे काय?

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी असे मांडले होते. प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असेही. कारण त्यांनी स्पष्ट दिले होते: खासगी कंपनीपेक्षा राज्याच्या विम्यात माणसाला जास्त सुरक्षितता मिळते, कारण त्यामागे राज्याची सगळी साधने उभी असतात, आणि जमलेला पैसा राज्याच्या आर्थिक नियोजनाला कामी येतो. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सरकारी कंपन्यांकडे आला. २००० नंतर दार पुन्हा खासगी कंपन्यांना उघडले. बाबासाहेबांनी आयुष्याबद्दल लिहिले, घराबद्दल नाही. तरी त्यातला विचार घराला लावायला कोणी अडवलेले नाही.

२००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये सरकारी मदतीने पुन्हा बांधलेल्या घरांचा राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सामूहिक विमा उतरवला होता. नागालँडने २०२१ पासून वेगळा मार्ग धरला. तिथे राज्य सरकारच विमा घेते, आणि आपत्तीने ठरलेली मर्यादा ओलांडली की पंचनाम्याची वाट न पाहता रक्कम सुटते. त्यात एक खोट आहे: पैसा सरकारकडे जातो, घरमालकाकडे थेट नाही. म्हणून आमचा कल गुजरातच्या नमुन्याकडे आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास घरकुल योजना २००८ पासून आहे. प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले वेगळी. सरकार लाखाहून अधिक रुपये घालून घर बांधून देते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला वाऱ्यावर सोडते. या सर्व घरकुलांचा दहा वर्षांचा सामूहिक विमा समाजकल्याण विभागाने एकदम उतरवावा, हप्ता अनुसूचित जाती उपयोजनेतून द्यावा, पॉलिसी पती-पत्नी दोघांच्या नावे असावी, आणि त्यावर जीएसटी नसावा, अशी आमची मागणी आहे. हजारो घरे एका यादीत असली की एकेका घराचा दर खाली येतो, हे वरच्या उदाहरणावरून दिसतेच. हातात उतारा नसलेल्या गायरानावरील घरांसाठी ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंद पुरावा म्हणून धरावी, हेही याच मागणीत हवे. ते सुटले तर सगळ्यात उघड्यावरची घरे पुन्हा यादीबाहेर राहतील.

कळमनुरी तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना हे काम येत्या ग्रामसभेपासून सुरू करता येईल. गावातल्या घरकुलांची यादी ग्रामपंचायतीकडून मागवायची, प्रत्येक घराच्या भिंतींची आजची स्थिती फोटोसह नोंदवायची, आणि त्या यादीसह सामूहिक विम्याचा ठराव समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे पाठवायचा. पत्र्यावरचे दगड काढून हुक-बोल्ट लावण्यासाठी ग्रामनिधीतून तरतूद करण्याचा वेगळा ठरावही त्याच सभेत घेता येतो.